मेंढरांवरची खूण आणि कलम ५३

हिंजवडी-माण पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून मुळशीत सातबाऱ्यावरचं नाव फार मोलाचं झालंय. म्हणूनच एक जुनी पळवाट इथे जास्त बोचते. वसुलीची कुणकुण लागली की देणेकरी जमीन मेहुण्याला बक्षीसपत्राने देऊन टाकतो, आणि भात मात्र स्वतःच काढत राहतो.

ही चलाखी रोखणारा इंग्लंडचा कायदा १५७१ सालचा, राणी एलिझाबेथच्या काळातला. त्याची खरी पारख १६०१ च्या ट्वाइन खटल्यात झाली. हँपशायरच्या पिअर्सवर एका धनकोने दावा लावला होता. तो चालू असतानाच त्याने सगळी चीजवस्तू ट्वाइन या दुसऱ्या धनकोच्या नावे गुपचूप करून दिली. मेंढरं मात्र त्याच्याच ताब्यात. लोकर तोच कातरायचा, अंगावर खूणही स्वतःचीच उमटवायचा. व्यवहार प्रामाणिक असल्याचं दस्तातच आवर्जून लिहिलं होतं. न्यायाधीशांना संशय आला तो त्यामुळेही. गुप्तता, चालू दावा, न सुटलेला ताबा या खुणा आजही कोर्टं तपासतात.

आपल्याकडे हेच तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५३ म्हणून आलं. मुंबई इलाख्यात तो कायदा लागू झाला १८९३ मध्ये. त्याआधी पुणे जिल्ह्याने उलटी बाजू पाहिली होती. १८७५ मध्ये सुप्यात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याची तारण नसलेली जमीन जप्तीतून वगळली. ते योग्यच झालं. पण आजचा धनको म्हणजे दरवेळी सावकार नव्हे; सिमेंटचे पैसे अडकलेला दुकानदारही धनकोच.

कलम ५३ मुळे त्याला असं हस्तांतर रद्द करून मागता येतं. १९२९ च्या दुरुस्तीने असा दावा सर्व धनकोंच्या वतीने लावणं सक्तीचं झालं. ही तरतूद मला फार न्याय्य वाटते, कारण आधी धावला त्यानेच सगळं लाटावं, असं होत नाही. मात्र रास्त मोबदला देऊन प्रामाणिकपणे जमीन घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. म्हणून उशीर नडतो.

तेव्हा देणेकरी मालमत्ता हलवतोय असं दिसताच निकालाआधीच्या जप्तीसाठी अर्ज करा. वाद खुद्द जमिनीच्या हक्काचा असेल, तर महाराष्ट्रात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवायला विसरू नका.