पोलादातील अदृश्य भेग आणि चुंबकाची साक्ष

१/ २५ ऑगस्ट १९११. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात मँचेस्टर गावाजवळ लीहाय व्हॅली रेल्वेची प्रवासी गाडी पुलावर रुळांवरून घसरली. २९ जणांचा मृत्यू झाला. कारण निघाले एक तुटलेला रूळ. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या रुळाच्या पोटात आडवी भेग वाढत गेली होती.

२/ डोळ्यांना न दिसणारी भेग ओळखायची कशी? याचे उत्तर ४३ वर्षे आधीच सुचले होते. १८६८ साली इंग्लंडमध्ये सॅक्सबी यांनी चुंबकित तोफनळीलगत होकायंत्र फिरवून पाहिले. जेथे धातूत दोष, तेथे सुई ढळत असे.

३/ यामागील तत्त्व सोपे आहे. चुंबकीय बलरेषा पोलादातून सहज जातात. वाटेत भेग आडवी आली, की काही रेषा पृष्ठभागाबाहेर पडतात आणि हवेतून वळसा घालून पुन्हा धातूत शिरतात. ही झाली चुंबकीय गळती. भेग बलरेषांना समांतर असेल, तर मात्र गळती जवळजवळ होत नाही.

४/ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विल्यम होक यांना एक गोष्ट दिसली. चुंबकाने घट्ट धरलेले पोलादी भाग घासताना उडणारा लोहकीस पृष्ठभागावरील बारीक भेगांवर रांगेने जमत होता. १९२२ मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले.

५/ तिला शिस्त दिली आल्फ्रेड डी फॉरेस्ट यांनी. चुंबकनाची दिशा ठरवून बदलली, तर कोणत्याही दिशेची भेग सापडते, हे त्यांनी ओळखले. १९३४ मध्ये फॉस्टर डोन यांच्यासह त्यांनी ‘मॅग्नाफ्लक्स’ कंपनी स्थापन केली.

६/ तोवर रुळांचा प्रश्नही मार्गी लागला होता. जायरो होकायंत्रासाठी ख्यातनाम असलेल्या एल्मर स्पेरी यांची तपासणी-गाडी १९२८ साली धावू लागली. ती रुळांतून प्रचंड वीजप्रवाह सोडी. भेगेपाशी प्रवाह वळला, की भोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदले; रुळावरून सरकणारी तारेची वेटोळी तो बदल टिपत.

७/ आज त्या वेटोळ्यांच्या जोडीला हॉल संवेदक आहेत. त्यांचा आधार असलेला परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये बाल्टिमोर येथे, विद्यार्थिदशेतच शोधला होता. अर्धवाहक पदार्थ हाती आल्यावर तो खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला.

८/ मँचेस्टरचा रूळ तुटला तेव्हा सॅक्सबींची सुई आणि हॉल यांचा शोध, दोन्ही उपलब्ध होते. ज्ञान होते, गरजही होती. पण त्यांची गाठ पडलेली नव्हती. ती पडायला २९ मृत्यूंनंतरही १७ वर्षे जावी लागली.