खऱ्या चांदीचा खोटा रुपया

१९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया आज दुर्मिळ झाला आहे. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. १९४० सालीं हें प्रमाण निम्म्यावर आलें. पूर्वीं खोटें नाणें पाडणारे चांदींत हीण मिसळीत; सराफ वजन व नाद पारखून तें ओळखी. पण १९३८ च्या अस्सल रुपयावरील आठाचा नऊ केला, तर तराजूला काय कळणार? तेथें भिंगच हवें. आंकड्याभोवतीं कोरल्याच्या खुणा, ओतीव नाण्यावरील बारीक छिद्रें, बोथट अक्षरें, कडेवरील सांध्याची रेघ हे खरे साक्षीदार. हिणकस चांदीनें एकाचा खिसा रिकामा होतो. खोट्या सालानें इतिहासाचा पुरावाच नासतो, असें आम्हांस वाटतें.