सविताचे मरण आणि दोन कायदे

२०१२ सालच्या पाडव्याला, १४ नोव्हेंबर रोजी, आयर्लंडमधील एका वृत्तपत्राने एका मृत्यूची बातमी छापली. दारचे आकाशकंदील उतरण्यापूर्वीच ती बेळगावात पोहोचली. गॉलवे शहरात निधन पावलेली सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य आमच्याच गावात वाढलेली. मी तेव्हा नववीला इतिहास शिकवीत असे. सुट्टीनंतर एका मुलीने विचारले, "सर, दवाखाना होता, डॉक्टर होते, मग ती गेली कशी?" "तिथला कायदा वेगळा," एवढेच बोलून मी फळ्याकडे वळलो. गर्भपात हा शब्द वर्गात उच्चारायला जीभ रेटेना.

वास्तविक दोन्ही कायद्यांचे मूळ एकच. इंग्रजांनी गर्भपात गुन्हा ठरविला, भारतात १८६० च्या दंडविधानाने आणि आयर्लंडात १८६१ च्या कायद्याने. पुढे वाटा फुटल्या. चोरून केलेल्या गर्भपातात स्त्रिया दगावत होत्या. त्यामुळे आपल्याकडे १९६४ मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली, आणि १९७१ साली संसदेने ठरावीक कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताला मुभा दिली. आयर्लंडने मात्र १९८३ साली सार्वमत घेऊन गर्भाचा व मातेचा जगण्याचा हक्क समान असल्याचे घटनेतच लिहून टाकले.

सविताला सतरावा आठवडा होता. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. ठोके थांबेपर्यंत जंतुदोष रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली. देखरेखीतील चुकाही चौकशीत उघड झाल्या. पण डॉक्टरांना थांबवून धरण्यात कायद्याचाही वाटा होता, हे त्याच चौकशीने नोंदविले.

२५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या ६६.४ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली. सविताच्या वडिलांनी बेळगावातून त्यांना तसे आवाहन केले होते. डब्लिनमधील तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. कित्येकींनी तीत तिची क्षमा मागितली होती.

तिथल्या स्त्रियांनी हक्क पस्तीस वर्षे झगडून मिळविला. आपल्याला कायदा आधीच मिळाला, तो मुख्यतः डॉक्टर आणि सरकार यांच्या विचारातून. म्हणूनच की काय, २०२१ च्या दुरुस्तीनंतरही त्यात अखेरचा शब्द डॉक्टरांचा आहे, आणि आपल्या कित्येक लेकीसुनांना असा कायदा आहे हेच ठाऊक नाही. त्या अज्ञानाला माझ्यासारखे फळ्याकडे वळलेले शिक्षकही जबाबदार आहेत. त्या मुलीचे उत्तर माझ्याकडे इतकी वर्षे थकले होते. ते आज या पानावर देतो आहे.