ताऱ्यांची रोजकीर्द

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा वेधशाळांच्या, विद्यापीठांच्या आणि मोठ्या शोधांच्या अंगाने लिहितो. दिवसभर कचेरीत काम करून रात्री अंगणात आकाशाकडे तोंड करून बसणारा माणूस ह्या इतिहासात आलाच, तर तळटीपेपुरता येतो. खगोलशास्त्राच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक खटकते. कारण ह्या शास्त्राचे साहित्य, म्हणजे खुद्द आकाश, कोणत्याही संस्थेच्या कडीकुलपात नसते. २००१ पासून कोलकाता ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलकत्ता शहरात आणि त्याच्या परिसरात गेल्या दीडशे वर्षांत आकाशनिरीक्षणाची जी हौस रुजली, तिचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. संस्था निघाल्या, काही काळ गाजल्या, काही विरूनही गेल्या; मागे उरल्या त्या नोंदी. आणि त्यांतली सर्वांत मोठी नोंदवही सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्या एका कारकुनाची आहे.

ह्या कथेचा आरंभ मात्र एका धर्मगुरूपासून करावा लागतो. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले. म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकत गेला. अशा प्रसंगी निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या वेधांवरून पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील अंतर काढता येत असल्याने जगभर निरीक्षकांच्या तुकड्या रवाना झाल्या होत्या. पिएत्रो ताक्किनी ह्या इटालियन खगोलज्ञाच्या नेतृत्वाखालील तुकडीने त्या वेळच्या बंगाल प्रांतातील मधुपूर येथे तळ ठोकला. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे बेल्जियन जेझुइट फादर यूजेन लाफाँ तिच्यात सामील झाले. तेथून परतल्यावर त्यांनी वर्गण्या जमवल्या आणि १८७५ मध्ये महाविद्यालयात वेधशाळा उभी केली. लाफाँ हे प्रात्यक्षिकांसह व्याख्याने देण्यात निष्णात होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंवर्धक संस्थेचे ते आरंभापासूनचे पाठीराखे. विज्ञान हा सुशिक्षित बंगाली माणसाच्या संध्याकाळचा विषय होऊ शकतो, हे ह्या दोघांनी दाखवून दिले. तरीही ह्या टप्प्यावर जिज्ञासू मनुष्य श्रोताच होता. व्यासपीठावरून जे दाखवले जाई, ते तो पाही.

श्रोत्याचा निरीक्षक होण्याला निमित्त मिळाले १९१० मध्ये. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला आणि त्याने जागवलेल्या कुतूहलाच्या भरात कलकत्त्यात ‘ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. तिचे पहिले अध्यक्ष एच. जी. टॉमकिन्स हे व्यवसायाने सरकारी हिशेबखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. तिच्या सभासदांमध्ये चंद्रशेखर वेंकट रामन् यांचे नाव आढळते. रामन् १९०७ मध्ये वित्तखात्याचे अधिकारी म्हणून कलकत्त्यास आले होते आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत प्रयोग करीत होते. १९१७ मध्ये विद्यापीठात पालित प्राध्यापक होईपर्यंत रामन् हेही व्यवहारतः फावल्या वेळेतले शास्त्रज्ञच होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ह्या संस्थेचे काम थंडावले. ज्या मंडळाचा भार बदलीवर येणाऱ्या आणि बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांवर असतो, त्याला दीर्घायुष्य लाभणे अवघडच असते.

ज्या धूमकेतूने कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांना एकत्र आणले, तोच धूमकेतू त्याच वर्षी कलकत्त्याच्या ईशान्येस असलेल्या जशोर ह्या जिल्ह्याच्या गावी एक कारकून लहानशा द्विनेत्रीतून पाहत होता. राधागोविंद चंद्र हे त्याचे नाव. त्यांचा जन्म १८७८ मध्ये जशोरजवळच्या बागचर गावी झाला. शालेय वयात त्यांनी अक्षयकुमार दत्त यांचा विश्वाच्या अफाटपणावरील एक निबंध पाठ्यपुस्तकात वाचला आणि ताऱ्यांचे वेड त्यांना लागले ते कायमचेच. शाळेच्या अभ्यासात मात्र हे वेड कामी आले नाही. प्रवेश परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले. अखेर जशोरच्या कलेक्टर कचेरीतील खजिन्यात त्यांना नाणी पारखण्याची नोकरी मिळाली. बंगालीत ह्या कामगाराला पोद्दार म्हणतात. आपल्याकडचा पोतदार तो हाच. रुपया खरा की खोटा, अस्सल की झिजलेला, हे नजरेने आणि नादाने ओळखायचे, हे त्याचे काम.

आकाशाची तोंडओळख त्यांना करून दिली ती जशोरचे वकील कालीनाथ मुखोपाध्याय यांनी. कालीनाथबाबूंना नक्षत्रांचे नकाशे तयार करण्याचा नाद होता. पुढे हॅलेच्या धूमकेतूवर राधागोविंदांनी लिहिलेला मजकूर शांतिनिकेतनातील विज्ञानशिक्षक जगदानंद राय यांच्या वाचनात आला आणि त्यांनी ह्या अपरिचित लेखकाला दुर्बीण घेण्याचा सल्ला दिला. तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला हा सल्ला झेपण्यासारखा नव्हता. पण १९१२ मध्ये तीन इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण इंग्लंडहून जशोरला येऊन पोचली. एक वकील, एक शाळामास्तर आणि एक पोतदार: बंगालच्या त्या कोपऱ्यातले खगोल मंडळ एवढेच. त्याला ना घटना होती, ना वर्गणी.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अनोळखी तारा झळकला. काही दिवसांतच तो आकाशातील अगदी तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. विसाव्या शतकात पृथ्वीवरून दिसलेला हा सर्वांत तेजस्वी नवतारा. जगातील अनेक निरीक्षकांनी तो स्वतंत्रपणे हेरला. राधागोविंद त्यांच्यापैकी एक होते. ज्याला नेहमीचे आकाश तोंडपाठ आहे, त्यालाच त्यातला उपरा तारा दिसतो. मोहोरांच्या राशीत वेगळ्या टाकसाळीचे नाणे पारख्याच्या बोटाला चटकन लागावे, तसे हे झाले. आपल्या निरीक्षणांचा वृत्तान्त त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्याकडे पाठवला. उत्तरादाखल ताऱ्यांचे नकाशे व पुस्तके आली. अमेरिकेत १९११ मध्ये रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना स्थापन झाली होती. राधागोविंद तिचे सभासद झाले.

रूपविकारी तारे म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते असे तारे. तिमिंगल समूहातील मीरा हा त्यांतला प्रसिद्ध तारा. सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात तो कधी नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो, तर कधी दुर्बिणीशिवाय सापडत नाही. अशा ताऱ्याचे तेज ठरवण्याची रीत साधी असते. ज्यांची प्रत आधीच ठाऊक आहे असे दोन शेजारचे तारे घ्यायचे, एक थोडा अधिक तेजस्वी आणि एक थोडा मंद. आपला तारा त्यांच्यामध्ये कोठे बसतो ते नजरेने ठरवायचे आणि प्रतीचा आकडा दशांशापर्यंत वेळेसह टिपून ठेवायचा. एका नोंदीला काही मिनिटे पुरतात. त्या एका नोंदीला एकटीने फारसा अर्थही नसतो. परंतु वर्षानुवर्षांच्या हजारो नोंदी आलेखावर मांडल्या, की ताऱ्याच्या तेजाचा वक्र उमटतो. तारा फुगतो-आकुंचतो, की एखादा अदृश्य सोबती त्याला झाकतो, की त्याच्या पृष्ठभागावर स्फोट होतात, ह्याचा उलगडा अशाच वक्रांतून होत आला आहे.

ह्या कामात जशोरच्या अंगणाला एक वेगळेच मोल होते. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा बंगालात रात्र असते. तिकडच्या वक्रात पडणारी खिंडारे इकडच्या नोंदींनी बुजत. शिवाय कर्कवृत्तालगतच्या ह्या ठिकाणाहून दक्षिणेकडचे जे तारे क्षितिजावर पुरेसे वर येत, ते बोस्टनच्या निरीक्षकाला धड दिसत नसत. पावसाळ्याचे ढग आणि चांदण्या रात्री यांचा अडथळा होता, तो वेगळाच. तरीही १९१९ ते १९५४ ह्या काळात राधागोविंदांनी त्या संघटनेकडे ३७,२१५ नोंदी पाठवल्या. म्हणजे वर्षाकाठी हजाराहून अधिक. ढगाळ रात्री वजा केल्या, तर उघडीप असलेल्या क्वचितच एखाद्या रात्री हा माणूस निवांत झोपला असेल, असे म्हणावे लागते. १९२६ मध्ये संघटनेने चार्ल्स एल्मर ह्या अमेरिकन हौशी निरीक्षकाची सव्वासहा इंच भिंगाची दुर्बीण त्यांना वापरण्यास पाठवली. १९२८ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना मानाची पदवी दिली. कलेक्टर कचेरीतील कारकुनाला मिळालेला हा सन्मान ब्रिटिश साम्राज्याच्या बाहेरून आला, ही गोष्टही सूचक आहे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. हिशेबखात्यातील रामन् विज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि खजिन्यातील राधागोविंद कारकूनच राहिले, ह्याचे कारण केवळ प्रतिभेतले अंतर होते काय? अंतर होते, ह्यात शंका नाही. राधागोविंदांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. ताऱ्यांचे तेज का बदलते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पण रामन् यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी होती आणि राधागोविंदांजवळ प्रवेश परीक्षेचाही दाखला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. ज्या व्यवस्थेत दाखल्याशिवाय दार उघडत नाही, तिच्यात कित्येक तयार डोळे उपयोगात न येताच मिटले असतील. हा एक डोळा वाया गेला नाही, ह्याचे श्रेय सात समुद्रांपलीकडच्या एका हौशी संघटनेला जाते. तिने निरीक्षकाची पदवी विचारली नाही. नोंद विश्वासार्ह आहे की नाही, एवढेच पाहिले.

१९४७ च्या फाळणीने जशोर पाकिस्तानात गेले. पुढे राधागोविंद भारतात आले आणि कलकत्त्याच्या उत्तरेस असलेल्या बारासात येथे राहू लागले. त्यांचे निरीक्षण थांबल्यावर एल्मर यांची दुर्बीण संघटनेच्या इच्छेनुसार वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. बाप्पू त्या वेळी नैनितालच्या वेधशाळेत होते. विद्यार्थिदशेत तेही रूपविकारी ताऱ्यांचे हौशी निरीक्षक होते, हा एक गोड योगायोग. पुढे बाप्पूंनी तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभारली आणि ही दुर्बीण तेथे पोचली. राधागोविंद १९७५ मध्ये बारासात येथे निवर्तले. त्यांच्या अखेरच्या काळात हलाखी होती आणि घराभोवतीच्या जगाला त्यांची ओळख फारशी नव्हती.

ह्या मधल्या काळात कलकत्त्यात आकाश पाहण्याची साधने वाढली. २ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बिर्ला तारांगणाचे उद्घाटन झाले आणि चौरंगीवरच्या त्या स्तूपाकार घुमटाखाली लक्षावधी माणसांनी आयुष्यात प्रथमच निरभ्र आकाश पाहिले. कृत्रिम असले, तरी निरभ्र. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना झाली होती. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू परत आला, तेव्हा देशभरच हौशी मंडळांना बहर आला. कलकत्त्यातही स्काय वॉचर्स असोसिएशनसारखी मंडळे काम करू लागली. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा शहराच्या दक्षिणेस डायमंड हार्बरवरून गेला, तेव्हा हुगळीच्या काठी माणसांची रीघ लागली. २००४ मध्ये शुक्राने पुन्हा सूर्यबिंब ओलांडले. १८७४ मध्ये लाफाँनी पाहिलेली घटना ह्या वेळी गच्चीगच्चीवरून पाहिली गेली.

हे सारे आनंदाचेच आहे. भीती घालवणे आणि कुतूहल जागवणे हे अशा मंडळांचे मोठे कार्य. आता शहराचे दिवे आणि हिवाळ्यातील धूर यांनी आकाश इतके झाकले आहे, की कोलकात्याच्या निरीक्षकाला ताऱ्यांसाठी गाव सोडून दूर जावे लागते. त्याच्या हौसेची कसोटी राधागोविंदांच्या वेळेपेक्षा कठीण झाली आहे. परंतु ग्रहण पाहून परतलेली गर्दी आणि घरी परतल्यावर वही उघडणारा एकटा मनुष्य ह्यांत फरक आहे, हे ह्या इतिहासातून शिकण्यासारखे आहे. पाहणे हा हौसेचा मोहर; नोंद हे तिचे फळ.

जुन्या पेढ्यांवर दिवस मावळताना रोजकीर्द लिहीत. दिवसाची जमा आणि दिवसाचा खर्च त्याच दिवशी कागदावर यावा, उद्यावर जाऊ नये, हा दंडक असे. राधागोविंदांनी तोच दंडक रात्रीला लावला. ज्या खजिन्यात त्यांनी नाणी पारखली, त्या खजिन्याचे मालक बदलले, सरकारे बदलली, देशाची सीमाही बदलली, आणि त्या नाण्यांचे चलन केव्हाच बंद झाले. ताऱ्यांच्या प्रतींचे त्यांनी टिपलेले आकडे मात्र आजही अभ्यासकाच्या कामी येऊ शकतात. कारण १९२५ च्या एखाद्या रात्री मीरा किती तेजस्वी होता, हे आता कितीही मोठी दुर्बीण लावली तरी पाहता येणार नाही. त्या रात्री जो जागा होता, त्याच्या वहीतच ते पाहावे लागते.