घटपर्णीचा लाल रंग आन् आपला लाल्या

कपाशीची पानं लाल पडली की आपण आधी फवारणीचं औषध शोधतो. पण झाडातल्या लाल रंगाला मोठा इतिहास आहे. तो वाचला तर खिशातले पैसे वाचू शकतात.

भारतात रानटी घटपर्णी एकच, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. जोसेफ हूकर 1850 साली खासी टेकड्यांत फिरला आन् 1873 मध्ये त्यानंच तिला शास्त्रीय नाव दिलं. 1874 ला त्यानं घटपर्णीच्या सुरईत अंड्याचा पांढरा भाग आन् मांसाचे तुकडे टाकून पाहिले. झाड ते पचवतं हे दिसलं. कारण साधं: तिथल्या मातीत नत्र कमी, म्हणून झाड किड्यांतून नत्र घेतं.

तिकडं इंग्लंडात व्हीच यांच्या नर्सरीत 1862 च्या सुमारास जॉन डॉमिनीनं घटपर्णीचा संकर केला. मग श्रीमंतांच्या काचघरांत लाल, ठिपकेदार सुरयांची हौस वाढली. चांगल्या रंगाचं झाड सापडलं की कलमं करून तोच रंग टिकवायचा. रानात मात्र एकाच जातीच्या सुरया कुठं हिरव्या, कुठं तांबूस. उन्हात लाली चढते, सावलीत हिरवटपणा राहतो. म्हणजे थोडा रंग वाणाचा, थोडा जागेचा.

आपल्या महाराष्ट्रात घटपर्णी रानात नाही, पण तिचा भाऊबंद दवबिंदू साताऱ्याच्या कास पठारावर आहे. माती तिथंही हलकीच, आन् उघड्यावर तोही लालबुंद होतो.

ह्या लालीचं रंगद्रव्य अँथोसायनिन. कपाशीच्या लाल्यातही तेच. पण लाल्याची कारणं अनेक. एकदम बोंडं लागली आन् नत्र कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, वावरात पाणी साचलं, रात्री गार पडल्या, नाहीतर तुडतुड्यांनी रस शोषला. रंग एकच, उपाय वेगळे.

तेव्हा लाल पान दिसलं की आधी ते उलटून पाहा. तुडतुडे असतील तर गोष्ट किडीची. नसतील तर कीटकनाशक मारून पान हिरवं होणार नाही. तिथं खत, निचरा आन् माती परीक्षणाचा कागद पाहा. घटपर्णीला नत्रासाठी किडे धरावे लागले. आपल्या कपाशीला ती सोय नाही, तिचं आपल्यालाच पाहावं लागतं.