अक्षर ठरते समितीत, पोचते अपडेटमधून : वर्ध्याची बाराखडी आणि ‘ॲ’ची रिकामी चौकट

१/ जुन्या संगणकावर ‘ॲप’ हा शब्द उघडला, तर पहिल्या अक्षराच्या जागी कधी कधी रिकामी चौकट दिसते. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो. त्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, ते अक्षर संगणकाच्या जगात येण्यापूर्वीच्या काळात थांबलेली असते. या चौकटीचा इतिहास समजून घेण्यासाठी आधी वर्ध्याला जाऊ.

२/ १९३५ साली इंदूर येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. तेथे नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिची धुरा साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांकडे होती. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली.

३/ मूळ अडचण छापखान्याची होती. स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीचे शेकडो खिळे जुळाऱ्याला हाताळावे लागत. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांसाठी वेगळे खिळे कशाला? ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा द्याव्यात : अि, अी, अु, अू, अे, अै. हीच ‘अ’ची बाराखडी. मराठीत सावरकरांनीही तिचा हिरिरीने पुरस्कार केला.

४/ वर्ध्याच्या समितीने ती आपल्या प्रकाशनांत वापरली. परंतु १९४७ साली नेमलेल्या आचार्य नरेंद्रदेव समितीने ती नाकारली, आणि सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांनाही ती रुचली नाही. सुधारणा छापून हाती आली होती. वाचकाने ती पाहिली, पारखली आणि बाजूला ठेवली.

५/ तरीही ‘अ’वर खूण चढवण्याची ती रीत मराठीला परकी नव्हती. आ, ओ, औ तसेच घडतात; इंग्रजी शब्दांतला स्वर लिहिताना मराठी माणूस ‘अ’वरच चंद्र काढतो : ॲ. हिंदीच्या वळणात मात्र तो चंद्र ‘ए’वर बसतो : ऍ.

६/ जगभरच्या लिपींना संगणकीय क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ऍ’ला आरंभापासून स्थान होते, ‘ॲ’ला नव्हते. ते मिळाले एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. पुढे ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. त्यातही ‘ॲ’ आहे. कागदावर प्रश्न मिटला.

७/ पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर पडद्यावर उमटत नाही. फाँटमध्ये त्याचा आकार हवा, आणि अक्षरे जुळवणाऱ्या प्रणालीला ते ठाऊक हवे. पूर्वीच्या जुळाऱ्याचे काम आता ही प्रणाली करते, आणि दोन्ही गोष्टी ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येतात. विंडोज एक्सपी आली २००१ साली. सात वर्षांनी येणारे अक्षर तिला माहीत असणार कसे?

८/ येथून वापरणाऱ्याच्या हाताचा इतिहास सुरू होतो. एक्सपीवर मराठी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिपींसाठीच्या चौकटीत स्वतः खूण करावी लागे, आणि बहुधा मूळ सीडीही घालावी लागे. विंडोज ९८ पासून ‘विंडोज अपडेट’चे संकेतस्थळ होते, तेथेही आपण होऊन जावे लागे.

९/ रुपयाच्या चिन्हाची कथा तशीच. उदयकुमारांनी रेखाटलेल्या ₹ या चिन्हाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्येही आले. विंडोज ७ व व्हिस्टासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर स्वतंत्र अपडेट काढले. ते न घेतलेल्या संगणकावर देशाचे चलनचिन्ह म्हणजे पुन्हा एक चौकटच!

१०/ इतिहासाच्या अभ्यासकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ‘ॲ’ नव्हते तेव्हा अनेकांनी ‘अ’ आणि ‘ॅ’ असे दोन तुकडे जोडून काम भागवले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटू शकतात. म्हणून जुन्या मराठी मजकुरात शोध घेताना दोन्ही रूपे, शिवाय ‘ऍ’सुद्धा, टाकून पाहावे. अन्यथा असलेला पुरावाही सापडत नाही.

११/ २०१५ च्या विंडोज १० पासून घरगुती आवृत्तीत अपडेट बव्हंशी आपोआप येऊ लागले. तरी हाताने मागवण्याची सोय टिकून आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, मग ‘चेक फॉर अपडेट्स’. मॅकवर सेटिंग्जमधील जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट. उबुंटूत दोन आज्ञा : ‘एपीटी अपडेट’ केवळ नवी यादी आणते, ‘एपीटी अपग्रेड’ प्रत्यक्ष बदल करते. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, आणि काम चालू असताना वीज जाणार नाही हे पाहावे.

१२/ वर्ध्याच्या बाराखडीला वाचकाने नकार दिला, तेव्हा आपण काय नाकारतो आहोत हे त्याला दिसत होते. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणाऱ्याला ते दिसत नाही. त्या लांबणीवर टाकलेल्या संचात सुरक्षेची दुरुस्ती असते, तसेच कधी आपल्याच भाषेचे एखादे अक्षरही असते.

१३/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. जे संगणक पुढच्या आवृत्तीस पात्र नाहीत, त्यांच्यासाठी काळ पुन्हा थांबू लागला आहे. म्हणून लिपीचा इतिहास लिहिताना ‘अक्षर केव्हा ठरले?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ते घराघरांत केव्हा पोचले?’ हेही विचारावे लागते. आणि त्याचे उत्तर प्रत्येक संगणकासाठी निराळे असते. (समाप्त)