चिखलासारखा रंग आणि इतिहासाची साधनं

दोन-अडीच वर्षांच्या मुलापुढे लाल, पिवळा, निळा असे तीन रंग ठेवा, मोठा कागद पसरा आणि 'कर काय हवं ते' म्हणा. पुढे काय होतं हे घरात लहान मूल असलेल्या कुणालाही माहीत आहे. सुरुवातीला एका कोपऱ्यात केशरी उमटतो, दुसरीकडे हिरवा. हात फिरतच राहतो आणि शेवटी अख्खा कागद चिखलासारखा तपकिरी होतो. हल्ली या खेळाला 'प्रोसेस आर्ट' म्हणतात. चित्र कसं झालं यापेक्षा ते करताना मुलानं काय अनुभवलं, हे त्यात महत्त्वाचं.

आज या खेळाकडे इतिहासाचा विषय म्हणून बघू. पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, 'विषय मोठा हवा ना?' विषय लहान असला तरी चालतो, त्यातला प्रश्न मात्र नेमका हवा. इथला प्रश्न असा आहे: जी गोष्ट घडता घडताच पुसली जाते, तिचा इतिहास कशावरून लिहायचा?

आधी 'साहजिक' वाटणारं तपासा

लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की तो निसर्गाचाच नियम वाटतो. पण या नियमालाही इतिहास आहे. न्यूटनचं 'ऑप्टिक्स' 1704 मध्ये आलं; त्यात चर्चा होती प्रकाशाच्या रंगांची. पुढे 1725 च्या सुमारास ल ब्लाँ नावाच्या मुद्रकानं 'कोलोरित्तो' हे पुस्तक काढलं आणि पिवळा, लाल, निळा या तीन रंगांतून बाकीचे रंग कसे मिळवता येतात ते मांडलं. त्याचा संबंध छपाईच्या शाईशी होता. म्हणजे 'मूळ रंग' हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ एका अर्थानं वापरत होता आणि छापखान्यातला माणूस दुसऱ्या.

हा गुंता 1852 मध्ये हेल्महोल्ट्झनं बराचसा सोडवला. प्रकाश मिसळणं वेगळं आणि रंगद्रव्य मिसळणं वेगळं, हे त्यानं दाखवलं. पिवळा आणि निळा प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र केला तर पांढरा मिळतो; तेच रंग डबीतले असले तर हिरवा. कारण रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं. जितकी द्रव्यं मिसळाल तितका प्रकाश जास्त शोषला जातो आणि उरतो तो मळकट तपकिरी. तेव्हा मुलाचा कागद 'खराब' होत नाही. तो नियमाप्रमाणेच वागतो.

कोरडा रंग आणि ओला रंग

आता बालशिक्षणाकडे वळू. फ्रोबेलनं 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्गला काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याचं मुलांसाठीचं पहिलं साधन म्हणजे लोकरीचे सहा चेंडू: लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडलं. त्यांच्या रंगपट्ट्यांवर रेशमी धागा गुंडाळलेला असे. आठ रंग, प्रत्येकाच्या आठ छटा, एकूण 64. मुलानं जोड्या लावायच्या, गडद ते फिकट असा क्रम लावायचा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, बघा. रंग कोरडा आहे. चेंडू चेंडूत मिसळत नाही, पट्टी पट्टीत विरघळत नाही. मूल रंग ओळखतं, वेगळे करतं, क्रमानं लावतं; नवा रंग तयार करत नाही. रंग म्हणजे शिस्त, हा विचार त्या साधनाच्या घडणीतच आहे.

अमेरिकेत मिल्टन ब्रॅडलीनं रंग मिसळायची सोय केली, पण तीही कोरडीच. चकतीवर रंगीत कागदाचे भाग लावून ती जोरात फिरवायची, म्हणजे डोळ्यातच मिश्रण दिसतं. मॅक्सवेलनं 1855 मध्ये अशाच चकत्यांवरचे प्रयोग मांडले होते. ब्रॅडलीचं शाळेतल्या रंगशिक्षणावरचं पुस्तक 1890 चं. लाल-पिवळा-निळा हे त्रिकूट पायाभूत मानायला त्याचा विरोध होता. पुस्तक वाचताना एक लक्षात ठेवा: हा माणूस बैठे खेळ आणि शाळेचं साहित्य विकणारा कारखानदार होता. त्यामुळे त्याचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. पण सिद्धान्त आणि दुकान एकाच माणसाचं असेल, तर पुस्तकासोबत त्याचा कॅटलॉगही वाचावा लागतो.

आणखी एक तपशील. 1903 मध्ये बाजारात आलेल्या क्रेयोलाच्या आठ खडूंच्या पेटीत तपकिरी होता. खडू म्हणून तपकिरी चालत होता. मुलानं मिसळून केलेला तपकिरी मात्र पसारा ठरत होता.

ओल्या रंगाला मान कधी मिळाला?

रोममध्ये शाळा चालवणाऱ्या रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेनं बोटांनी रंगवायचा रंग तयार केला. तिचं 'फिंगर पेंटिंग' हे पुस्तक 1934 चं. तिच्याबद्दल नेहमी एक गोष्ट सांगतात. बोट कापलेल्या एका मुलाला तिनं आयोडीन लावायला पाठवलं, तर तो बाथरूमची भिंत त्यानं माखत बसलेला सापडला! अशा 'उगमकथा' भेटल्या की थांबा. ती खरी की खोटी हे कदाचित कधीच ठरणार नाही. पण ती इतकी आवडती का झाली? कारण तीत शोधाचं श्रेय मुलाला मिळतं आणि मोठा माणूस पाहणारा होतो. हा नवा विचार होता. 1947 मध्ये व्हिक्टर लोवेनफेल्डचं मुलांच्या कलेवरचं गाजलेलं पुस्तक आलं, त्याचाही भर तयार चित्रापेक्षा घडण्याच्या क्रियेवर होता.

मग पुरावा कुठे आहे?

खरी अडचण इथे आहे. संग्रहालयात कागद राहतो, क्रिया राहत नाही. रोडा केलॉग यांनी सॅन फ्रान्सिस्कोत लहान मुलांची दहा लाखांहून जास्त चित्रं गोळा केली आणि 1969 च्या पुस्तकात त्यांतल्या रेघोट्यांचं वर्गीकरण मांडलं. केवढा मोठा खजिना! पण तपकिरी झालेल्या कागदावर शेवटचा थर दिसतो. चौथ्या मिनिटाला उमटलेला केशरी, तो बघून थबकलेला हात, हे त्यात नाही.

मग काय करायचं? मनाई वाचायची. शिक्षकांच्या पुस्तिकेत 'दर वेळी ब्रश धुवा' असं आलं, तर समजा मुलं ब्रश धूत नव्हती. जाहिरात 'कपड्यावरून धुऊन निघतो' म्हणत असेल, तर कपडे माखत होते आणि आया वैतागत होत्या. ॲप्रन, जमिनीवरची वर्तमानपत्रं, रंगाच्या भांड्याचं तोंड किती रुंद, हे सगळं पुरावा आहे. क्रिया स्वतः कागद मागे ठेवत नाही, पण तिला आवरण्याचा खटाटोप भरपूर कागद ठेवतो.

आपल्याकडे हा प्रश्न कसा दिसतो?

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरींची महागडी साधनं तिथल्या वाड्या-पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून पानं, फुलं, शंख, खडे अशा आसपासच्या वस्तू वापरल्या गेल्या. यातून संशोधनाचा प्रश्न असा निघतो: साधन बदललं की रंगाची कल्पनाही बदलते का? कारखान्याच्या पट्टीवरचा लाल वर्षभर तोच राहतो. फुलाचा लाल संध्याकाळी कोमेजतो. हळदीत चुन्याची निवळी घातली (हे मोठ्यांनीच करून बघायचं) तर पिवळ्याचा थेट लाल होतो, आणि हा बदल कुठल्याही रंगचक्रात बसत नाही, कारण ते मिश्रण नाही, रासायनिक क्रिया आहे. 'पिवळा अधिक काही बरोबर अमुक' हे गणित डबीतला रंग गृहीत धरतं.

तुमच्या विषयावर हे करून बघा. कागदावर तीन रकाने आखा: काय टिकलं, काय पुसलं गेलं, आणि पुसलं गेलेल्याला कोण आवरत होतं. बहुतेक जण पहिल्या रकान्यावरच प्रबंधाचा आराखडा लिहून मोकळे होतात. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी तिसऱ्या रकान्यात निदान पाच नोंदी करा, आणि प्रत्येकीपुढे ती कुठल्या कागदात सापडेल तेही लिहा. तो रकाना भरला, तर विषयाला साधनं आहेत असं समजा.